मोबाईलवरील लढाईचे खेळ आणि मुलांचा अभ्यास

(धनज परिसरातील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



मधल्या सुटीत मुले आपसांत काय बोलतात याकडे ज्या शिक्षकाचे लक्ष असते, त्याला ‘फ्री फायर’ आणि ‘पबजी’ ही नावे नव्याने सांगावयास नकोत. कोणी कोणास उडविले, कोणाजवळ कोणती बंदूक आहे, ही भाषा आता पाचवी-सहावीच्या मुलांच्या तोंडी बसली आहे. ती ऐकून शिक्षकाच्या मनात पहिली शंका येते ती अशी की, रात्री पडद्यावर माणसे मारणारा मुलगा दिवसा वर्गात हात उगारणार नाही कशावरून? पालकही हेच विचारतात. शंका रास्त आहे. परंतु तिचे उत्तर समजले जाते तितके सरळ नाही, आणि सोपे उत्तर धरून चालल्यास मुलाचे खरे नुकसान जेथे होत असते, नेमकी तीच जागा नजरेआड होते.

प्रथम या खेळांचे स्वरूप पाहावे. ‘पबजी’मध्ये शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, शस्त्रे गोळा करतात, आणि अखेर जो खेळाडू किंवा जो गट जिवंत उरतो त्याची सरशी होते. ‘फ्री फायर’मध्ये साधारणतः पन्नास खेळाडू असतात व डाव दहा-एक मिनिटांत आटोपतो. तो स्वस्त फोनवरही चालतो, म्हणून खेड्यापाड्यांत त्याचा प्रसार फार झाला. भारत सरकारने ‘पबजी’वर सप्टेंबर २०२० मध्ये आणि ‘फ्री फायर’वर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी घातली. तिचे कारण मुलांचे वर्तन हे नव्हते. देशाची सुरक्षितता व नागरिकांची माहिती परदेशी जाण्याचा धोका हे होते. पुढे ‘पबजी’चा भारतीय अवतार २०२१ मध्ये आला, २०२२ मध्ये काढून घेण्यात आला आणि २०२३ मध्ये पुन्हा परतला. ‘फ्री फायर’चा ‘मॅक्स’ नावाचा धाकटा भाऊ तर बंदीच्या बाहेरच राहिला. सरकारी हुकुमाने हा प्रश्न मिटला, अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

हिंसा पाहून मूल हिंसा शिकते काय, याचा विचार मानसशास्त्रज्ञ फार दिवसांपासून करीत आहेत. अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेला प्रयोग अध्यापनाच्या पाठ्यपुस्तकांमुळे अनेकांस परिचित असेल. एक प्रौढ मनुष्य हवा भरलेल्या बाहुल्याला मारतो, हे ज्या लहान मुलांनी पाहिले, त्यांनी पुढे तसेच मारले. या प्रयोगाचा दाखला खेळांविरुद्ध वारंवार दिला जातो. पण त्यात मुलांनी अनुकरण केले ते डोळ्यांसमोर उभ्या असलेल्या एका मोठ्या माणसाचे, ही गोष्ट सांगणारे बहुधा विसरतात. मारामारीचे खेळ खेळतो म्हणून मुलाला छडीने मारणाऱ्याने तर ती अवश्य लक्षात घ्यावी. शारीरिक शिक्षेस २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई केली आहेच; येथे ती उलट फळ देणारीही आहे.

खेळांविषयीच्या संशोधनात एकमत नाही. क्रेग अँडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सव्वा लाखाहून अधिक व्यक्तींवरील अभ्यास एकत्र करून असा निष्कर्ष काढला की, हिंसक खेळांनी आक्रमकता वाढते व सहानुभूती घटते. ख्रिस्तोफर फर्ग्युसन यांच्यासारख्या अभ्यासकांनी या निष्कर्षावर कठोर टीका केली. २०१९ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधील १४-१५ वर्षांच्या सुमारे एक हजार मुलामुलींची पाहणी केली. मुलाच्या वर्तनाविषयी त्याच्या पालकांस विचारले, आणि खेळातील हिंसा किती हे मुलाच्या सांगण्यावर न सोडता अधिकृत वर्गीकरणावरून ठरविले. त्यांना हिंसक खेळ व आक्रमक वर्तन यांत संबंध आढळला नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या मुख्य संस्थेने २०२० मध्ये आपला पूर्वीचा ठराव सुधारला. ओरडणे, ढकलणे अशा वर्तनाशी या खेळांचा लहानसा संबंध दिसतो. परंतु गंभीर हिंसाचार त्यांमुळे घडतो असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही, असे तिने नमूद केले. आपल्याकडे दिवाळीत मातीचे किल्ले करून त्यांवर मावळे लढविणारी पोरे कोणी धोक्याची मानली नाहीत, हेही स्मरावे. दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असे नव्हे. पण लुटुपुटीची लढाई व खरी लढाई यांतील भेद मूल जाणते.

मग मोबाईल काढून घेताच मूल वस्तू का फेकते, आईवर का ओरडते? याचे उत्तर पुष्कळदा बंदुकीत नसून खेळाच्या रचनेत असते. हा खेळ मध्येच थांबवून ठेवता येत नाही. गटातील साथीदार दुसऱ्या घरी किंवा दुसऱ्या गावी बसलेले असतात. डाव अर्धा टाकला तर त्यांचा रोष होतो व कमावलेला दर्जा घसरतो. नेमक्या त्या क्षणी आईची हाक येते. त्या रागावरून मुलगा हिंस्र झाला असा निकाल देण्यापूर्वी, डाव संपल्यावर हाक मारली असता तो कसा वागतो हे पालकांनी एकदा पाहावे. तेव्हाही तोच आकांत होत असेल, तर मात्र काळजीचे कारण आहे.

अभ्यासाचे नुकसान ही निराळी बाब आहे, आणि तेथील पुरावा शिक्षकाने मनावर घेण्याजोगा आहे. रॉबर्ट वाईस व ब्रिटनी सेरँकॉस्की यांनी २०१० मध्ये अमेरिकेतील सहा ते नऊ वर्षांच्या मुलग्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांच्या घरी खेळयंत्र नव्हते असे मुलगे त्यांनी निवडले. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे काहींस यंत्र लगेच दिले आणि इतरांस चार महिन्यांनंतर. चार महिन्यांच्या अखेरीस, ज्यांना यंत्र आधी मिळाले त्यांचे वाचन व लेखन इतरांहून मागे पडलेले आढळले. शिक्षकांनीही त्यांच्या अभ्यासातील अडचणी अधिक नोंदविल्या. कारण असे निघाले की, शाळा सुटल्यानंतरचा अभ्यासाचा वेळ खेळाने खाल्ला होता. हे खेळ हिंसक होते म्हणून नव्हे, ते होते म्हणून. प्राथमिक शाळेत ज्या वयात वाचन रुळते, त्याच वयाची ही मुले होती.

आपल्या भागात हा वेळ कोठून जातो? कारंजा तालुक्यातील ज्या घरी एकच मोबाईल आहे, तेथे तो दिवसा बापाबरोबर शेतात किंवा बाजारात असतो. मुलाच्या हाती तो पडतो संध्याकाळनंतर, म्हणजे अभ्यासाच्या व पुढे झोपेच्या वेळी. कापूस वेचणीच्या दिवसांत आईबाप थकून लवकर झोपतात आणि फोनवर देखरेख राहत नाही. सकाळी पहिल्या तासाला डोळे मिटणारा मुलगा आळशी असेलच असे नाही; तो रात्री कधी झोपला, हे विचारल्यावाचून कळणार नाही. लक्ष हरपणे किती जिवावर बेतते याचे दुःखद उदाहरण शेजारच्या हिंगोलीचे आहे. मार्च २०१९ मध्ये रेल्वेरुळाजवळ ‘पबजी’ खेळण्यात गुंगलेले दोन तरुण गाडीखाली सापडून मरण पावले, असे वृत्त तेव्हा प्रसिद्ध झाले होते.

हा फोन मुलांच्या हाती आला तो पुष्कळ घरी शिक्षणाच्याच निमित्ताने, हे मान्य केले पाहिजे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, धडे व्हॉट्सअ‍ॅपवर येऊ लागले, आणि पालकांनी प्रसंगी कर्ज काढून फोन घेतले. ‘असर’च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२० मध्ये ६१.८ टक्के झाले. २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी मागील आठवड्यात फोन शिक्षणासाठी वापरल्याचे सांगितले, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के निघाले. साथ ओसरली, फोन मात्र राहिला.

यावर गावांनी दोन मार्ग काढून पाहिले आहेत. वाशीमला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातील बांशी या गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून १८ वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास बंदी केली व मोडणाऱ्यास दंड ठेवला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे वेगळी रीत सुरू झाली. संध्याकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजला की गावातील दूरदर्शन संच व मोबाईल बंद होतात आणि साडेआठला पुन्हा सुरू होतात. मधल्या वेळात मुले वाचतात. तेथे नियम मुलांपुरता नाही, बापाचा फोनही बंद होतो. आरंभी लोक हसले. मग आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका व निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, तेव्हा ते रुळले. बांशीच्या दंडाहून वडगावचा भोंगा अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात काढून घेतलेल्या वेळेच्या जागी काही दिलेले आहे.

धनजच्या आसपास असा प्रयोग करावयाचा तर वेचणीचे दिवस आड येतील. ज्या घरी संध्याकाळी सात वाजता चूलच पेटलेली नसते, तेथे मुलाला पुस्तक घेऊन बसवील कोण, हे आधी ठरवावे लागेल. शाळेची एक खोली तेवढा वेळ उघडी ठेवता आली तर त्याची सोय होईल. तोपर्यंत वर्गशिक्षकाने आपल्या वहीत तीन गोष्टींची नोंद ठेवावी: पहिल्या तासाची झोप, सोमवारची गैरहजेरी, आणि पूर्वी सफाईने वाचणाऱ्या मुलाचे अडखळणे. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या व्यसनाला आजारांच्या सूचीत स्थान दिले असून ती सूची जानेवारी २०२२ पासून लागू आहे. मात्र खेळावरील ताबा सुटणे आणि त्यापायी बाकीचे जीवन बिघडणे ही स्थिती साधारणतः वर्षभर टिकल्यावाचून तसे निदान करीत नाहीत. म्हणून ‘व्यसनी’ हा शब्द पालकसभेत कोणत्याही मुलास लावू नये. आईवडिलांस एकटे बोलवावे, वही दाखवावी, आणि फोन रात्री कोठे ठेवला जातो एवढेच प्रथम विचारावे.