आपल्या कष्टाचा रकाना

आटपाडी-माण भागातल्या आम्ही बचत गटाच्या बायका आज तुमच्याशी धंद्याच्या सल्ल्याविषयी बोलणार आहोत.

आमचा गट शेंगदाण्याची चटणी करायचा. खप चांगला होता, तरी कर्जाचा हप्ता घरच्या दुधाच्या पैशातून जायचा. दोघी तर गट सोडायच्या बेतात होत्या. तेवढ्यात मसाल्याच्या धंद्यात केस पांढरे झालेल्या एक ताई बैठकीला आल्या. त्यांनी भाषण केलं नाही. म्हणाल्या, "वही काढा."

दहा किलो चटणीला शेंगदाणे, मिरची, लसूण, मीठ मिळून 1900 रुपये. किलोला 280 प्रमाणे विक्री 2800. आम्ही म्हणायचो, 900 सुटले! ताईंनी गॅस, पिशव्या आणि गाडीभाडं लिहायला लावलं. ते झालं 500. उरले 400. मग विचारलं, "चौघींचा दिवस गेला, त्याचं काय?" भांगलणीला गेलो असतो तर प्रत्येकीला 300 मिळाले असते. म्हणजे 1200. चटणी 800 रुपये तोट्यात होती, आणि तो तोटा आमच्या अंगमेहनतीतून भरला जात होता.

ताईंनी धंदा बंद करा म्हटलं नाही. शंभर ग्रॅमची पुडी चाळीस रुपयांना आठवडी बाजारात विका, म्हणाल्या. दहा किलोच्या शंभर पुड्या, 4000 रुपये. पिशव्यांचे 200 वाढले, तरी मजुरी धरून खर्च 3800. उरलेले 200 थोडेच, पण खरे. आता हप्ता चटणीतूनच जातो.

बायकांना हिशोब येत नाही असं नाही. म्हसवडला चेतना सिन्हा आणि गावच्या बायकांनी बँक काढायची ठरवली, तेव्हा पहिला अर्ज नाकारला गेला; बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि व्याज तोंडी काढून दाखवायची तयारी सांगितली. 1997 साली माणदेशी महिला बँक सुरू झाली. पुढे 2006 मध्ये तिथंच बायकांसाठी उद्योगाची शाळा निघाली. भांडवलाबरोबर सल्लाही लागतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

पण सल्लागार पारखून घ्या. "सही करा, बाकी मी बघतो, अनुदानातला हिस्सा द्या" असं सांगणारा एकजण आमच्याकडंही आला होता. आम्ही कागद वाचायला मागितला, तो परत आला नाही. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्प अहवाल आणि बँकेच्या कागदांना मदत करायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमल्या गेल्या. त्यांचं मानधन शासन द्यायचं. वैयक्तिक उद्योगाला अनुदान प्रकल्पाच्या पात्र खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त दहा लाख ठरलं होतं; पण ते कर्जाला जोडलेलं होतं, हे विसरू नका. चौकशी तालुका कृषी कार्यालयात करा.

चांगला सल्लागार प्रश्न विचारतो, वही आपल्याच हातात ठेवतो. तेव्हा पुढच्या बैठकीत एवढंच करा: खर्चाच्या पानावर एक रकाना वाढवा, आणि वर लिहा, "आपली मजुरी".