आडनांवांतला गांव

माणसाची पितृभूमि कोणती, हा प्रश्न वरवर सोपा आहे. जेथें वाडवडिलांचीं हाडें पुरलीं ती, असें एक उत्तर. आणि जिच्यासाठीं वाडवडिलांनीं पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना केल्या ती, असें दुसरें. बहुतेकांच्या बाबतींत हीं दोन्ही उत्तरें एकाच भूमीला लागू पडतात. परंतु आपल्या कोंकणांत एक समाज असा आहे, कीं त्याच्यापुढें या दोन उत्तरांनीं दोन निराळे देश उभे केले. तो समाज म्हणजे बेने इस्राएल.

या समाजाची परंपरागत हकीकत अशी, कीं प्राचीन काळीं अलीबागच्या उत्तरेस नवगांवच्या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटलें व त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या. जे बुडाले त्यांचीं प्रेतें लाटांनीं किनाऱ्यास आणलीं व तेथेंच तीं पुरण्यांत आलीं. हें कोणत्या शतकांत घडलें याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. मात्र हे लोक अष्टागरांतील व आसपासच्या गांवीं पसरले, तेलाचे घाणे चालवूं लागले, मराठी बोलूं लागले, आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून शेजाऱ्यांनीं त्यांस ‘शनवार तेली’ हें नांव दिलें, यांत वाद नाहीं. पोथ्या गेल्या, हिब्रू भाषा विसरली. राहिलें तें शनिवारचा विसावा, सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि ‘शेमा’ ही प्रार्थना, इतकेंच. गांवावरून आडनांवें पडलीं. किहीमचे किहीमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, नवगांवचे नवगांवकर.

1948 सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झालें, तेव्हां या समाजाची हिंदुस्थानांतील संख्या सुमारें 20,000 होती. पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेक घरें लोद, रामला, अश्दोद, बेरशेबा, दिमोना अशा गांवीं जाऊन वसलीं. त्यांना येथून कोणीं हांकलून दिलें नव्हतें, हें आवर्जून सांगितलें पाहिजे. उलट तेथें गेल्यावर मात्र 1962 च्या सुमारास धर्मपीठानें त्यांच्या विवाहांपूर्वीं वंशाची चौकशी करण्याचा हुकूम काढला. लोक यरुशलेममध्यें धरणें धरून बसले, आणि 1964 सालीं ते सर्व बाबतींत यहुदीच आहेत असें सरकारला जाहीर करावें लागलें. ज्यांच्या शनिवाराविषयीं कोंकणांतील आगरी-कोळ्यांनीं कधीं शंका घेतली नाहीं, त्यांना स्वधर्मीयांपुढें वंशाचा दाखला मांडावा लागला, ही गोष्ट त्या पिढीच्या मनांतून सहजासहजीं गेली नाहीं.

लोद येथील अशाच एका कुटुंबानें एका डिसेंबर महिन्यांत कोंकणची वाट धरली. सत्तरी ओलांडलेली आजी, तिचा मुलगा, सून आणि पंधरा व नऊ वर्षांचीं दोन नातवंडें. आजी अकरा वर्षांची असतांना आईबापांबरोबर येथून गेली, आणि पुढें लोदमध्यें आपल्याच गांवच्या, आपल्याच आडनांवाच्या भाऊबंदांच्या घरीं पडली. सून मोरोक्कोकडील घराण्यांतील. मराठी तिला कळत नाहीं. मुलाला समजतें, बोलतां येत नाहीं. नातवंडांना तर ‘आजी’ आणि ‘पोहे’ यांपलीकडे शब्द ठाऊक नाहींत. घरांत एक वाद होता. आडनांव लांबलचक, तेथील शिक्षकांच्या जिभेला न वळणारें. म्हणून तें टाकून सुटसुटीत हिब्रू नांव घ्यावें असा मुलाचा विचार ठरत आला होता. अर्जाचा कागदहि आणून ठेवलेला होता. आजी इतकेंच म्हणाली, “एकदां गांव पाहा. मग काय तें कर.”

मुंबईंत त्यांनीं मांडवीजवळचें ‘शाआर हारहमीम’ पाहिलें. सामाजी हसाजी दिवेकर यांनीं 1796 सालीं बांधलेलें हें शहरांतील पहिलें यहुदी प्रार्थनामंदिर. कोंकणांतील लोक अशा मंदिराला मशीदच म्हणत, आणि जवळच्या मशीद स्टेशनाचें नांव त्यावरूनच पडलें असें मानतात. ठाण्यास आजीची मामेबहीण राहते. तिच्याकडे चार दिवस मुक्काम झाला. नारळाच्या रसांतली मासळी आणि पाहुण्यांची रीघ यांपलीकडे त्यांत सांगण्यासारखें फारसें नाहीं. नंतर गेटवेवरून लाँचनें मांडवा गांठून मंडळी अलीबागेस इस्राएल आळींत आजीच्या चुलतबहिणीच्या घरीं उतरली. दोघी बहिणी जवळजवळ साठ वर्षांनीं भेटत होत्या. “अगं, तूं तर आपल्या आईसारखी दिसायला लागलीस!” एवढें एक वाक्य झालें, आणि नंतर दोघी लहानपणींच्या एका भांडणाविषयीं बोलूं लागल्या, तें तासभर संपलें नाहीं.

शनिवारीं सकाळीं ‘मागेन अबोथ’ या मंदिरांत प्रार्थना होती. यहुदी धर्माप्रमाणें सामुदायिक प्रार्थनेस तेरा वर्षांवरील दहा पुरुष लागतात. त्याहून कमी असल्यास तोराची गुंडाळी काढून वाचतां येत नाहीं. ज्या आळींत एकेकाळीं उभें राहण्यास जागा नसे, तेथें त्या दिवशीं आठजण जमले होते. बाप आणि मुलगा आंत आले तेव्हां दहा झाले. गुंडाळी काढतांना म्हाताऱ्या प्रमुखाचे हात कांपत होते. वाचण्यास मुलालाच बोलावलें. हिब्रू ही त्याची नित्याची भाषा. त्यानें वर्तमानपत्र वाचावें तसें भराभर वाचलें. ती म्हातारी मंडळी मात्र कोंकणी चालीवर प्रार्थना म्हणत होतीं, आणि ती चाल मुलानें घरीं आजीच्या तोंडून ऐकलेली होती.

दुसऱ्या दिवशीं खंडाळें येथील खडकाकडे जाणें झालें. एलियाहू नबीचा रथ येथून आकाशांत गेला, त्याच्या चाकांच्या व घोड्यांच्या टापांच्या खुणा खडकावर आहेत, अशी श्रद्धा आहे. नवस फेडावयाचा तो येथें, मलिद्यानें. भिजवलेले पोहे, गूळ, ओलें खोबरें आणि पांच तऱ्हेचीं फळें. मोरोक्कोच्या सुनेनें हा विधि पूर्वीं घरीं पाहिला होता आणि तो हिंदूंकडून उचलला असावा अशी तिची समजूत होती. तसें असलें तरी बिघडलें कोठें? शेजाराला शेजाऱ्याचा वास लागावयाचाच. पुण्यांत 1874 सालीं छापलेल्या मराठी हग्गादेच्या चित्रांत बेखमीर भाकरी भाजणाऱ्या बायका लुगडीं नेसून जमिनीवर बसलेल्या दाखविल्या आहेत. मिसर देशांतून सुटकेची ती कथा वाचतांना येथील मुलांना परकेपणा वाटला नसेल.

आडनांवांतला गांव शेवटीं आला. घर नव्हतेंच. त्या जागीं मुंबईच्या कोणा धनिकाचा बंगला आहे आणि फाटकावर कुत्र्यांपासून सावध राहण्याची पाटी. विहीर तेवढी उरली आहे. आजी फाटकाशीं उभी असतां शेजारची एक आगरी म्हातारी पुढें आली.

“तुम्ही कुणाच्या, बाई?”

आजीनें बापाचें नांव सांगितलें.

“म्हणजे तेल्यांची? शनवारच्या?” असें म्हणून तिनें आजीचा हात धरला आणि घाण्याचा दगड कोठें पडला आहे तें दाखविलें. तो आतां कपडे धुण्याच्या उपयोगीं पडतो. आजीला त्याचें वाईट वाटलें नाहीं. घांसून घांसून गुळगुळीत झालेला दगड तिनें हातानें चांचपून पाहिला.

दफनभूमि गांवाबाहेर आहे. राखणदाराची दहा-अकरा वर्षांची मुलगी कोयता घेऊन बरोबर आली व तिनें झुडपें बाजूस केलीं. पणजोबांचा दगड सांपडला. वर हिब्रू ओळी, खालीं मराठी. नातवानें वरच्या वाचल्या: अमक्याचा पुत्र अमका, आणि तिथि. हिब्रू रीतींत आडनांव येत नाहीं. खालच्या ओळी त्याला अर्थातच लागेनात. त्या राखणदाराच्या मुलीनें शाळेंत धडा वाचावा तशा मोठ्यानें वाचल्या, आणि शेवटच्या शब्दांत गांवाचें नांव येऊन त्यापुढें ‘कर’ आलें. बापानें तो शब्द तिला पुन्हां वाचावयास सांगितला. मुलानें वही पुढें केली. तिनें तीं अक्षरें सुटीं सुटीं काढून दिलीं, त्यानें त्यांखालीं गिरवलीं. ‘क’चा कान त्याला पहिल्यानें उलटा आला.

निघतांना चुलतबहिणीनें एक गोष्ट काढली. आज या जागेची देखरेख तीच करते. तिच्या मागून आळींत कोण राहील हें सांगतां येत नाहीं. दरवर्षीं पावसाळ्यानंतर झाडोरा काढावा लागतो, भिंत एके बाजूस खचली आहे. मुलानें भिंतीच्या दुरुस्तीचे पैसे दिले. राखणदारानें पावतीपुस्तक उघडून नांव विचारलें. त्यानें आडनांवासुद्धां पूर्ण सांगितलें, आणि राखणदारानें तें न अडखळतां लिहिलें. लोदला असें कधीं झालें नव्हतें.

अर्जाचा कागद अजून तेथील टेबलाच्या खणांत आहे. पुढच्या पावसाळ्यानंतर पैसे कोणाच्या हातीं पाठवावयाचे, हें मात्र ठरलें आहे.