लहान व्यवसाय आणि संगणक-आज्ञावलीची रचना



पवन मावळातील तिकोणा पेठ हे तिकोणा ऊर्फ वितंडगडाच्या पायथ्याचे गाव. गडावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. पावसाचे पाणी जागीच साठवावे आणि अडचणीच्या काळात दुसऱ्यावर विसंबून राहू नये, हा त्यामागील साधा विचार होय. आजच्या संगणकयुगातील एका प्रश्नाकडेही याच दृष्टीने पाहता येईल.

मावळ हा भाताचा मुलूख. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने विकसित केलेला 'इंद्रायणी' तांदूळ १९८७ पासून सर्वदूर परिचित झाला. शेतीच्या जोडीस आता पवना जलाशयाच्या परिसरात पर्यटकांच्या निवासाचा व्यवसाय आला आहे. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये जाहीर झाले. अशा स्थितीत पाच खोल्या भाड्याने देणारे आणि घरचा तांदूळ विकणारे एखादे कुटुंब आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, करून घेऊ इच्छिते असे समजू. तिची रचना कशी असावी?

मोठ्या कंपन्या आज्ञावलीचे अनेक स्वतंत्र भाग पाडतात. त्यांच्याकडे शेकडो तंत्रज्ञ एकाच वेळी काम करीत असल्याने आणि प्रत्येक भाग निरनिराळ्या गतीने वाढवावा लागत असल्याने ते योग्यच असते. परंतु भाग जितके अधिक, तितकी त्यांच्यातील दळणवळणाची, देखरेखीची व दुरुस्तीची जबाबदारी अधिक. हा खर्च दरमहा चालू राहतो. पाच खोल्यांच्या उत्पन्नावर तो भार टाकणे म्हणजे शेळीच्या खांद्यावर बैलाचे जू ठेवण्यासारखे आहे. येथे एकसंध आज्ञावली आणि एकच माहितीसंच पुरेसा होय. मात्र खोल्या, जमाखर्च आणि तांदूळविक्री यांचे कप्पे आतून वेगळे ठेवावेत, म्हणजे पुढे व्यवसाय वाढल्यास एखादा कप्पा विलग करता येतो.

खरी कसोटी लागते ती पावसाळ्यातील शनिवारी. एकच खोली दोन पाहुण्यांस दिली गेली, तर एका कुटुंबास भिजत परतावे लागते आणि यजमानाची पत जाते. यास्तव खोली मोकळी आहे की नाही हे पाहणे व तिची नोंद करणे, या दोन्ही क्रिया एकाच अविभाज्य व्यवहारात व्हावयास हव्यात. संपर्क तुटल्यास काय, हाही प्रश्न आहे. यावर सोपा उपाय असा: तीन खोल्यांची नोंदणी केवळ दूरस्थ संगणकाने करावी आणि दोन घरच्या हाती राखाव्यात. मग संपर्क नसतानाही घरच्यांनी आपल्या दोन खोल्या दिल्या, तरी घोटाळा होत नाही.

माहितीची मालकी कोणाची, हे करारातच नमूद करावे. संकेतस्थळाचे नाव व्यावसायिकाच्या स्वतःच्या नावे असावे. नोंदींची प्रत दररोज अन्यत्र साठवावी आणि ती प्रत्यक्ष उघडते की नाही, हे अधूनमधून पाहावे. मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा, अन्यथा आज्ञावली बदलताना तो निरुपयोगी ठरण्याचा धोका असतो. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. तेव्हा पाहुण्यांकडून आवश्यक तेवढीच माहिती घ्यावी, हे इष्ट.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रथम एक हंगाम वहीवर काटेकोर नोंदी ठेवाव्यात. अडचण नेमकी कोठे येते हे त्यातून कळेल. वहीने काम भागत असेल, तर आज्ञावलीचा आग्रह धरू नये.

ग्रामपंचायतींचे सदस्य, शिक्षक आणि अधिकारी यांच्याकडे गावकरी सल्ल्यासाठी येतात. "यंत्र किती मोठे?" यापेक्षा "काम किती, आणि ते बंद पडल्यास घर कसे चालेल?" हा प्रश्न त्यांनी विचारावयास शिकविले, तर अनेक लहान व्यावसायिकांची कष्टाची पुंजी वाचेल.