नाव पुढे, गाव मागे



जुनी लेन्स हातात आली की आपण सगळे ती पुढून बघतो. काचेभोवतीच्या पट्टीवर नाव कोरलेलं असतं, दोन-चार आकडे असतात. ते वाचतो आणि दुकानदाराला भाव विचारतो. तोही नाव बघूनच भाव सांगतो. आज माझं सांगणं एवढंच आहे, की लेन्स आधी उलटी करा. पुढचं नाव पुष्कळदा नुसतं विकणाऱ्याचं असतं. ती कुठल्या कॅमेऱ्यासाठी झाली आणि आज कुठे बसेल, हे पाठीमागूनच कळतं.

मागे पहिल्यांदा दिसते ती बसण्याची तऱ्हा, तिलाच माउंट म्हणतात. म्हणजे आटे आहेत, की फिरवून अडकवायच्या पाकळ्या, ज्यांना बायोनेट म्हणतात. दुसरी गोष्ट दिसत नाही, आणि सगळा घोळ तिच्यातच आहे. लेन्स ज्या धातूच्या कड्याला टेकते तिथपासून फिल्मपर्यंतचं अंतर प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं होतं. निकॉनचं ४६.५ मिलिमीटर, ऑलिंपस ओएमचं ४६, मिनोल्टाचं ४३.५, कॅनन एफडीचं ४२. दोन-तीन मिलिमीटरने काय बिघडतं, असं वाटेल. बघू या. प्राक्टिका आणि जुने पेंटॅक्स यांच्या आट्यांची ५० मिलिमीटरची लेन्स घ्या. तिला फिल्मपासून ४५.४६ मिलिमीटर अंतर हवं असतं. ती निकॉनच्या आरसेवाल्या कॅमेऱ्यावर बसवली, मधला ॲडॉप्टर शून्य जाडीचा आहे असं मानलं, तरी ती १.०४ मिलिमीटर पुढे राहते. तेवढ्याने फोकसची रिंग अनंतावर टेकवूनसुद्धा फार तर अडीच मीटरवरचं स्पष्ट येतं. गडावर उभ्या असलेल्या मित्राचा चेहरा निघेल, मागचा गड निघणार नाही. लेन्स २०० मिलिमीटरची असेल तर ही हद्द चाळीस मीटरच्या आसपास जाते, म्हणजे पक्षी टिपणाऱ्याला कदाचित कळणारही नाही. २८ मिलिमीटरची असेल तर पुरा मीटरही मिळत नाही. विकणारा मात्र ‘निकॉनला बसते’ म्हणून देतो, आणि ते खोटंही नसतं. बसते!

तीच लेन्स कॅननच्या १९८७ नंतरच्या ईएफ माउंटवर सुखाने चालते. तिथलं अंतर ४४ मिलिमीटर आहे, त्यामुळे उरलेल्या १.४६ मिलिमीटरमध्ये पातळ रिंग मावते. मिररलेस कॅमेऱ्यांनी तर हा प्रश्नच मोडीत काढला. मधला आरसा गेला आणि अंतर एकदम खाली आलं: सोनी ईचं १८, फुजी एक्सचं १७.७, निकॉन झेडचं १६, कॅनन आरएफचं २०. आता जुन्या लेन्सचं आणि नव्या कॅमेऱ्याचं अंतर यांच्यातला फरक भरायला एक पोकळ नळी पुरते. सोनीवर आपली आट्यांची लेन्स लावायची तर ती नळी २७.४६ मिलिमीटरची. २०१३ मध्ये सोनीने पूर्ण ३५ मिलिमीटर फ्रेमचा ए ७ आणला आणि कपाटात पडून असलेल्या लेन्सना पुन्हा दिवस आले. त्यांचे भावही तेव्हापासूनच चढले, हे आपलं दुर्दैव.

या ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांना लोक एम ४२ म्हणतात. १९४९ च्या ड्रेस्डेनमधल्या काँटॅक्स एस कॅमेऱ्यावर ते आले, प्राक्टिकाने उचलले, मग जपानमध्ये पेंटॅक्सने आणि सोव्हिएत रशियात झेनिटने. याशिका, फुजिका, चिनॉन अशी पुढे रांग लागली. त्यामुळे नवशिक्याने सुरुवात करावी ती इथूनच. माल मुबलक, ॲडॉप्टर स्वस्त, आणि एकच ॲडॉप्टर घेतला की चार देशांच्या लेन्स चालतात.

आता थोडं जपानला जाऊ या. कॅमेरा न बनवता फक्त लेन्स बनवणाऱ्या कारखान्यांची अडचण वेगळी होती. एकच टेलिफोटो, पण निकॉनवाल्याला निकॉनची हवी, मिनोल्टावाल्याला मिनोल्टाची. दुकानदाराने किती प्रकारचा माल भरायचा? तैसेई कोगाकू नावाच्या कंपनीने, म्हणजे पुढच्या टॅमरॉनने, १९५७ मध्ये यावर टी माउंट काढलं. त्याचं पुढे रूढ झालेलं रूप म्हणजे टी २. कल्पना साधी होती. लेन्सचं अंतर मुद्दाम ५५ मिलिमीटर ठेवायचं, ३५ मिलिमीटरच्या कुठल्याही आरसेवाल्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त. उरलेली जागा रिंगने भरायची: निकॉनसाठी ८.५ मिलिमीटर, एम ४२ साठी ९.५४. कॅमेरा बदलला तर लेन्स तीच ठेवून फक्त रिंग बदलायची. दुर्बिणीला कॅमेरा जोडणारी आकाशनिरीक्षक मंडळी आजही याच रिंगा वापरतात आणि याच ५५ मिलिमीटरचा हिशेब धरतात.

इथे एक फसगत आहे, ती नीट ऐका, कारण तिने बऱ्याच चांगल्या लेन्स मातीत घातल्या आहेत. टी २ चे आटेही ४२ मिलिमीटरचेच. मात्र एम ४२ मध्ये दोन आट्यांतलं अंतर १ मिलिमीटर असतं आणि टी २ मध्ये ०.७५. डोळ्यांना दोन्ही सारखेच. चुकीची जोडी लावली की पहिला फेरा गोडीने जातो आणि मग अडकते. माणसाला वाटतं, जुनी आहे, घट्ट झाली असेल. तो जोर लावतो. ॲल्युमिनियमचे आटे तिरके कापले जातात आणि त्यानंतर ती लेन्स कुठल्याच रिंगेत सरळ बसत नाही. म्हणून एका फेऱ्यात अडली की थांबा, उलटी फिरवून काढा आणि रिंग बदलून बघा.

टी २ ची उणीव अशी, की लेन्स आणि कॅमेरा यांच्यात कसलाच संवाद नाही. छिद्र लहान-मोठं करायचं काम सगळं हाताने. टॅमरॉनने मग १९६९ मध्ये ॲडॅप्टामॅटिक, १९७३ मध्ये ॲडॅप्टॉल आणि १९७९ मध्ये ॲडॅप्टॉल २ आणलं. यात बदलायच्या रिंगेमध्येच ते सगळे दांडे आणि खटके बसवले होते. शटर दाबताना छिद्र आपोआप मिटावं आणि कॅमेऱ्याच्या मीटरला छिद्राचा आकडा कळावा, एवढी करामत त्या बोटभर जाडीच्या रिंगेत आहे. माझ्या मते बदलत्या माउंटच्या साऱ्या खटपटीत सगळ्यात शहाणी रचना हीच. बाजारात अशी लेन्स पुष्कळदा रिंगेविना सापडते. मागचा भाग उघडाबोडका दिसतो, दुकानदाराला वाटतं मोडकी आहे आणि तो ती कवडीमोलाने काढतो. ती सोडू नका. ५२बी हा क्रमांक दिसला तर मुळीच नाही: ती ९० मिलिमीटर एफ २.५ ची मॅक्रो आहे, वस्तूचं निम्म्या आकारापर्यंतचं चित्र देते आणि माणसांच्या चेहऱ्यांनाही उत्तम. दुकानोदुकानी हिंडण्यापेक्षा अशी एक लेन्स आणि दोन रिंगा पुरेत.

आता नावांकडे वळू. व्हिव्हिटार ही अमेरिकेतली विक्री करणारी कंपनी. तिने लेन्स वेगवेगळ्या जपानी कारखान्यांकडून करून घेतल्या. कोणाकडून, ते अनुक्रमांकात दडलेलं असतं. पहिले दोन अंक कारखान्याचे: २२ म्हणजे किनो, २८ म्हणजे कोमिने, ३७ म्हणजे टोकिना. त्यापुढचा एक अंक वर्षाचा शेवटचा आकडा, त्यानंतरचे दोन आठवड्याचे. क्रमांक २२७३१ ने सुरू झाला तर किनोची, सातवर संपणाऱ्या वर्षाच्या एकतिसाव्या आठवड्यातली. ते ७७ की ८७, हे घडणीवरून ताडायचं. व्हिव्हिटारची ७०–२१० ची सिरीज वन झूम लोक डोळे मिटून घेतात. पण ती पहिल्यांदा किनोने केली, मग टोकिनाने, मग कोमिनेने. नाव एकच, भिंगांची रचना तीन तऱ्हांची. पहिलीला ६७ मिलिमीटरचा फिल्टर लागतो, पुढच्या दोघींना ६२ चा, म्हणजे फिल्टरच्या आट्यांवरूनही निम्मं काम होतं.

जर्मनीचा मामला राजकारणाचा. दुसऱ्या महायुद्धानंतर झाइस या लेन्स बनवणाऱ्या कंपनीचे दोन तुकडे झाले, एक पूर्वेला येनात आणि एक पश्चिमेला, आणि नावासाठी कोर्टकचेऱ्या लागल्या. म्हणून पश्चिमेकडे विकायच्या पूर्व जर्मन लेन्सवर झाइस हे नाव न घालता नुसतं ‘आउस येना’ कोरलेलं सापडतं. लेन्सच्या नावांचंही तेच: टेसारच्या जागी टी, सोनारच्या जागी एस, बायोटारच्या जागी बी. ‘येना टी’ अशी लेन्स कोणी अनोळखी म्हणून बाजूला टाकली असेल तर ती टेसार आहे, हे तुम्हाला ठाऊक असू द्या. दुकानदाराला सांगायलाच हवं असं नाही.

याच बायोटारच्या ५८ मिलिमीटर एफ २ वरून रशियातल्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याने हेलिओस ४४ उतरवली. तिच्या पार्श्वभूमीत पानं भोवऱ्यासारखी गरगरतात, त्यावर हल्ली लोक फिदा असतात. मला विचाराल तर दहाव्या फोटोनंतर त्याचा कंटाळा येतो. पण ४४-२ हातात घेऊन तिची दोन छिद्राची कडी फिरवून बघा. एकीने मर्यादा ठरवायची, समजा एफ ८. दुसरी मोकळी फिरते: पूर्ण उघडून फोकस करायचा आणि फोटोआधी बोटाने ती ढकलायची, की बरोबर आठवर जाऊन थांबते. आत आठ पाती एकमेकींवर सरकत मिटतात. याला प्रीसेट म्हणतात, आणि मिररलेसवर तर याहून सोयीचं काही नाही.

रशियन लेन्समधला सापळा ३९ मिलिमीटरच्या आट्यांचा. हे आटे झोर्की आणि फेड या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांनाही होते आणि सुरुवातीच्या झेनिटलाही. पहिल्यांचं अंतर २८.८, झेनिटचं ४५.२. चुकीचा ॲडॉप्टर घेतला तर चित्र जुळतच नाही. ओळखायची खूण मागेच आहे. फोकसची रिंग फिरवताना आतली धातूची कडी पुढे-मागे सरकून रेंजफाइंडरच्या दांड्याला ढकलायच्या बेताने केलेली दिसली, तर ती रेंजफाइंडरची. आणि मीर-१ या लेन्सवर ‘ग्राँ प्री ब्रुसेल्स १९५८’ असं कोरलेलं असतं, ते बक्षिसाचं वर्ष. त्याला जन्मसाल समजून जास्त पैसे मोजू नका. रशियन लेन्सचं साल बहुधा अनुक्रमांकाच्या पहिल्या दोन आकड्यांत असतं.

विकत घेताना मोबाइलची बॅटरी लावून लेन्समधून तिरकं बघा. थोडी धूळ असेल तर दुर्लक्ष करा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ही ठरलेलीच. कडेला इंद्रधनुष्यी डाग दिसला तर दोन भिंगं चिकटवलेला राळेचा थर सुटलाय. पात्यांवर तेल चकाकत असेल तर ती वेळेवर मिटणार नाहीत. सुपर टाकुमार ५० मिलिमीटर एफ १.४ च्या बऱ्याच प्रतींची काच पिवळट तपकिरी झालेली असते. तो मळ नव्हे. अपवर्तन वाढवायला त्या काचेत थोरियम ऑक्साइड घालत आणि त्याच्या किरणोत्सारानेच ती पिवळी पडते. काही दिवस उन्हात ठेवली की बरीच निवळते. वापरायला भीती नाही, फक्त ती काच घासू नका.

वापरायला बसलात की पहिल्यांदा कॅमेऱ्याच्या मेनूत ‘लेन्स नसतानाही शटर चालू’ हा पर्याय लावा, नाहीतर कॅमेरा हलणारच नाही. कॅमेऱ्यात स्थिरीकरण असेल तर लेन्सची फोकल लांबी स्वतः भरा; २०० ची भरलेली राहिली आणि ५० ची लावली तर फायदा सोडा, चित्र बिघडतं. छिद्र मोठं असेल तर रंगीत कडा दाखवणाऱ्या पीकिंगवर विसंबू नका, चित्र मोठं करून डोळ्यांच्या पापण्यांवर फोकस करा. ॲपर्चर प्रायॉरिटीवर मीटर आपलं काम करतो. एम ४२ मधल्या ज्या लेन्सना मागे बारीक खिळा असतो आणि ‘ए-एम’ची कळ नसते, त्यांना खिळा दाबून धरणारा ॲडॉप्टर लागतो, नाहीतर आकडा काहीही लावा, छिद्र उघडंच राहतं.

आणि लेन्सच्या अंगावरचे आकडे वापरा, ते शोभेला नाहीत. पूर्ण फ्रेमवर २८ मिलिमीटरची लेन्स एफ ११ ला ठेवून अनंताची खूण खोली दाखवणाऱ्या पट्टीवरच्या ११ समोर आणली, की साधारण सव्वा मीटरपासून पुढचं सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. पालखीच्या गर्दीत ऑटोफोकस भगव्या पताकेवर अडकून बसतो, तिथे ही जुनी पद्धत जिंकते. मात्र स्वस्त ॲडॉप्टर ठरलेल्या मापापेक्षा किंचित आखूड करतात, त्यामुळे पट्टी थोडी खोटं बोलते. लांबच्या टॉवरवर एकदा तपासून आपली खूण कुठे येते ते बघून ठेवा.

साठवणीचं एवढंच: चामडी पेटीत ठेवू नका, ती ओल धरते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि निळं सिलिका जेल. ते गुलाबी झालं की भाजून परत टाका. बुरशी लागलेली लेन्स निरोगी लेन्सच्या डब्यात जाता कामा नये.

त्या टेबलावर सात लेन्स मांडल्या आहेत. पुढची नावं मी चिकटपट्टीने झाकली आहेत. मागची टोपी काढा, शेजारच्या रिंगा लावून बघा आणि कोणती कुठली ते कागदावर लिहा. तीन क्रमांकाची पहिला फेरा सहज घेईल. पुढे अडली की थांबा.