गुन्ह्यानंतरचे घर

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनी गृहव्यवस्था, बालसंगोपन असे विषय घ्यावेत असा प्रघात आहे. मी मात्र आज जरा अप्रिय विषय काढणार आहे. एखाद्या बाईवर अत्याचार झाला किंवा कुणाच्या घरचा कर्ता पुरुष मारला गेला, तर गुन्हेगाराचे काय झाले याची चर्चा पारावर महिनाभर चालते. त्या घरची चूल कशी पेटते, ही चौकशी मात्र कोणी करीत नाही. बाईची मजुरी बुडते, दवाखान्यासाठी डोरले गहाण पडते, आणि मग कोणीतरी वडीलधारे येऊन सांगतात, “जाऊ द्या, मिटवून टाका.” तडजोड पुष्कळदा भीतीपोटी होते असे आपण म्हणतो. मला वाटते, ती हातात पैसा नसल्यामुळेही तितकीच होते.

कायद्यालाही ही चौकशी फार उशिरा सुचली. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972 साली एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याची तक्रार झाली. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडले, तेव्हा देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. पण बदलला तो पुराव्याचा आणि शिक्षेचा. त्या मुलीने पुढे पोट कसे भरायचे, याला त्यात उत्तर नव्हते. पीडितांच्या भरपाईसाठी प्रत्येक राज्याने योजना करावी असे कलम फौजदारी प्रक्रिया संहितेत आले ते 2009 मध्ये. जुलै 2024 पासून नवी संहिता लागू झाली आहे. तिच्यात हेच 396 वे कलम आहे.

या कलमातील एक गोष्ट प्रत्येकीने ध्यानात ठेवावी. गुन्हेगार सापडलाच नाही, खटला उभाच राहिला नाही, तरीही ज्या बाईचे नुकसान झाले तिला किंवा तिच्यावर अवलंबून असणाऱ्यांना अर्ज करता येतो. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो आणि त्यांनी दोन महिन्यांत चौकशी पुरी करायची असते. “आरोपी फरार आहे, आता काय मिळणार?” असे म्हणून घरी बसू नये.

आपल्या राज्याची ‘मनोधैर्य’ योजना 2 ऑक्टोबर 2013 रोजी सुरू झाली. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार व अ‍ॅसिड हल्ला यांतील पीडितांना तीतून मदत मिळते. आरंभी ती दोन-तीन लाखांची होती. 2017 मध्ये दहा लाखांपर्यंत नेली, आणि तातडीच्या गरजेसाठी 30 हजारांची सोयही केली. मंजूर रकमेचा मोठा भाग मुदतठेवीत जातो, तो तिच्याच नावावर. ठेव हवी, कारण हातात आलेले पैसे घरातली मंडळी कशी वाटून घेतात ते आपण जाणतोच. पण ठेवीच्या कागदाने आज दवाखान्याचे बिल भागत नाही, हेही खरे. उपचारांपुरते सांगायचे तर बलात्कार व अ‍ॅसिड हल्ल्यातील पीडितेला सरकारी काय नि खाजगी काय, प्रत्येक दवाखान्याने ताबडतोब मोफत उपचार दिले पाहिजेत, हा 2013 पासूनचा कायदा आहे. केंद्राच्या निर्भया निधीतून 2015 पासून जिल्ह्याच्या ठिकाणी ‘सखी’ केंद्रेही निघाली. तिथे चार दिवस आसरा, समुपदेशन, वकिलाचा सल्ला मिळतो.

मग अडते कुठे? येलदरीकरांना हे समजावून सांगायला नको. पूर्णेचे पाणी साठते आपल्या दारात, पण शेतात जाते ते खाली सिद्धेश्वराहून निघालेल्या कालव्यांनी. कालवा नसता तर धरण नुसते बघायचे. या निधीचेही तसेच आहे. पैसा परभणीपर्यंत आलेला आहे. परभणीपासून वाडीवस्तीपर्यंत कालवा नाही. आधी जिंतूर, मग परभणी. एक दिवस तक्रारीच्या प्रतीसाठी, एक तपासणीच्या कागदासाठी, एक बँकेच्या पासबुकासाठी. एसटीला 2023 पासून बायकांना अर्धे तिकीट आहे, चांगलेच आहे. पण बुडालेला रोज कोण भरून देणार? आणि ज्या बाईकडे सारे गाव बोट दाखवते, ती एकटीने कचेरीची पायरी चढेल कशी?

इथे आपल्या मंडळाचे काम आहे. त्याला फार मोठे अनुदान लागत नाही. एक छोटी पेटी हवी: प्रवासभाडे, झेरॉक्स, बरोबर जाणारीचा बुडालेला रोज. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नाचा 10 टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्चावा लागतो. येत्या ग्रामसभेत त्यातूनच ही रक्कम मागू या. दरवर्षी शिलाई यंत्रेच घ्यावीत, असे कुठे लिहिले आहे? वकिलाच्या फीची धास्ती नको. स्त्रीला, मग ती गरीब असो की सधन, विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो. जिंतूरच्या न्यायालयात तालुक्याची समिती आहे, आणि 15100 या क्रमांकावर विचारणाही करता येते. तक्रार नोंदवल्यावर तिची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी आणि जपून ठेवावी.

एक पथ्य मात्र कडक पाळावे लागेल. अत्याचार झालेल्या स्त्रीचे नाव मंडळाच्या वहीत, इतिवृत्तात, हळदीकुंकवाच्या गप्पांत कुठेही येता कामा नये. तिची ओळख छापणे वा पसरवणे हा स्वतःच गुन्हा आहे. आपल्याला नाव टिपायचे आहे ते बरोबर जाणारीचे.

त्यासाठी एक कोरी वही चिटणीसबाईंच्या टेबलावर ठेवली आहे. ज्यांचे बाजाराच्या किंवा दवाखान्याच्या निमित्ताने जिंतूरला, परभणीला जाणे होते, त्यांनी आपले नाव आणि सोयीचा वार तीत लिहावा. चहा होईपर्यंत वही तिथेच राहील.