मेनिस्कस : एका चंद्रकोरीच्या तीन कला

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या विज्ञान व्याख्यानाचे शब्दांकन)



एखाद्या घरात एकाच आठवड्यात हा शब्द तीनदा येऊ शकतो. आजोबांच्या गुडघ्याच्या एमआरआय अहवालात ‘मेनिस्कस फाटला आहे’ असे लिहिलेले असते. अकरावीतील नातीच्या रसायनशास्त्राच्या वहीत ‘मेनिस्कसची खालची कड वाचावी’ अशी सूचना असते आणि चष्म्याच्या दुकानात भिंगाचा आकार मेनिस्कस असल्याचे सांगितले जाते. गुडघा, नळी आणि चष्मा यांचा परस्परांशी काय संबंध, असा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. शब्द परका असला की तो निमूटपणे पाठ केला जातो.

हा शब्द इंग्रजीलाही परकाच आहे. ग्रीक भाषेत ‘मेने’ म्हणजे चंद्र आणि ‘मेनिस्कोस’ म्हणजे छोटासा चंद्र, अर्थात चंद्रकोर. मराठी मुलाला ‘चंद्रकोर’ म्हटल्याबरोबर जो आकार दिसतो, तो ‘मेनिस्कस’ म्हटल्यावर लंडनच्या मुलालाही दिसत नाही. इसवी सनापूर्वी ५ व्या शतकात किऑस बेटावरच्या हिपोक्रॅटिस या गणितज्ञाने दोन वर्तुळकंसांमध्ये सापडलेल्या कोरीचे क्षेत्रफळ एका त्रिकोणाएवढे असल्याचे सिद्ध केले. वैद्यकशास्त्राचा हिपोक्रॅटिस तो निराळा. ग्रीक भूमितीत अशा आकृतीला मेनिस्कोस हेच नाव होते. पक्ष्यांनी पुतळ्यांची मस्तके घाण करू नयेत म्हणून त्यांवर जे आच्छादन बसवीत, त्यालाही हेच नाव असे. भूमितीतील सिद्धांत आणि कावळ्यांपासून संरक्षण, दोन्हींना एकच शब्द पुरला!

आता प्रयोगशाळेकडे वळू. काचेच्या बारीक नळीत पाणी घेतले की त्याचा पृष्ठभाग सपाट राहत नाही. कडेला वर चढतो आणि मध्ये खोलगट होतो. पाण्याच्या रेणूंना एकमेकांपेक्षा स्वच्छ काचेची ओढ अधिक, म्हणून पाणी काचेला बिलगून वर सरकते. पाऱ्याचे नेमके उलटे. त्याच्या अणूंची आपसांतली ओढ काचेच्या ओढीपेक्षा कितीतरी प्रबळ, म्हणून तो कडेला दबतो आणि मध्ये फुगतो. पाण्याची कोर वाटीसारखी, तर पाऱ्याची घुमटासारखी. यावरून पाणी वाचताना कोरीचा तळ आणि पारा वाचताना कोरीचा माथा पाहावयाचा, हा नियम आला. पोटॅशियम परमँगनेटचे गडद जांभळे द्रावण ब्युरेटमध्ये घेतले की तळ दिसतच नाही. तेव्हा वरची कड वाचतात. नियम केवळ पाठ केलेला विद्यार्थी येथे अडतो, कारण समजलेला अडत नाही. डोळा कोरीच्या पातळीत ठेवण्याचेही असेच. वरून पाहिले तर नजरेची तिरपी रेषा जवळच्या काचेला उंचावर छेदते आणि खूण आहे त्यापेक्षा वरची वाचली जाते. हल्लीच्या प्लॅस्टिकच्या मोजपात्रांत पाण्याची कोर जवळजवळ दिसत नाही, कारण त्या प्लॅस्टिकला पाणी काचेइतके बिलगत नाही. पात्र बदलले की चंद्रही मावळतो.

भिंगाची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. ज्या भिंगाची एक बाजू फुगीर आणि दुसरी खोलगट, त्याचा उभा छेद कोरीसारखा दिसतो. फुगीर बाजूची वक्रता अधिक असेल तर भिंग मध्ये जाड होते आणि प्रकाश एकवटते. खोलगट बाजूची अधिक असेल तर कडेला जाड होते आणि प्रकाश फाकवते. म्हणूनच जवळचे न दिसणाऱ्याचा आणि लांबचे न दिसणाऱ्याचा चष्मा समोरून सारखाच फुगीर दिसतो. पूर्वीच्या चष्म्यांत दोन्ही बाजू फुगीर किंवा दोन्ही खोलगट असत. नजर तिरपी करून कडेतून पाहिले की चित्र पुसट होई. इंग्लिश शास्त्रज्ञ विल्यम वॉलस्टन यांनी १८०४ साली कोरीच्या आकाराची भिंगे पुढे आणली आणि १८१२ मध्ये तोच आकार कॅमेरा ऑब्स्क्युरासाठी सुचवला. साध्या पेटी-कॅमेऱ्यांतही पुढे असेच एकेरी भिंग असे.

राहिला गुडघा. येथे मात्र थांबले पाहिजे, कारण येथे या शब्दाने माणसांचे नुकसान होऊ दिले.

मांडीच्या हाडाचे खालचे टोक गोलाकार, तर नडगीच्या हाडाचा माथा बराचसा सपाट. गोल वस्तू सपाटीवर ठेवली की सारा भार थोड्याशा जागेवर येतो. ही उणीव कूर्चेच्या दोन कोरी भरून काढतात. बाहेरच्या कडेला जाड आणि आत पातळ होत गेलेल्या या पाचरी भार पसरवतात. आतल्या बाजूची कोर इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी, तर बाहेरच्या बाजूची जवळजवळ पूर्ण वर्तुळ होत आलेली. आतली कोर अस्थिबंधाला घट्ट जखडलेली असल्यामुळे तिला सरकायला वाव कमी. खो-खोत खांबाशी गिरकी घेताना पाऊल जमिनीत रुतले आणि वाकलेला गुडघा पिळला, तर बहुधा तीच फाटते.

हे नाव तिचा आकार अचूक सांगते, पण कामाबद्दल अवाक्षर काढत नाही. १९ व्या शतकाच्या अखेरीस सर जॉन ब्लंड-सटन या नामवंत इंग्लिश शल्यचिकित्सकाने या कोरी म्हणजे पायाच्या स्नायूंचे निरुपयोगी अवशेष होत, असे मत मांडले. विशेष हे की त्याआधीच, १८८३ साली, एडिंबरोच्या टॉमस अ‍ॅनंडेल यांनी एका खाणकामगाराची फाटलेली कोर टाके घालून जागेवर बसवली होती. पण मत प्रभावी ठरले आणि टाका मागे पडला. त्यानंतर अनेक दशके फाटलेली कोर संपूर्ण काढून टाकणे हीच रीत झाली. रुग्ण काही आठवड्यांत चालू लागे, त्यामुळे शंका घेण्याचे कारणही दिसत नसे. १९४८ मध्ये फेअरबँक यांनी अशा गुडघ्यांची क्ष-किरण छायाचित्रे तपासली, तेव्हा सांध्यातील फट अरुंद झालेली आणि मांडीच्या हाडाची गोलाई सपाट होऊ लागलेली आढळली. तरीही जुनी सवय सुटायला आणखी कितीतरी वर्षे गेली. १९६२ मध्ये टोकियोत मासाकी वातानाबे यांनी दुर्बिणीतून कोरीचा फक्त फाटका भाग काढला आणि उरलेली वाचवण्याची वाट खुली झाली.

प्रौढांच्या कोरीला रक्तपुरवठा असतो तो मुख्यतः बाहेरच्या कडेला. आतला पातळ भाग सांध्यातील द्रवावर पोसला जातो. त्यामुळे कडेची फाट टाक्याने जुळू शकते, आतली क्वचितच. वयपरत्वे झिजून पडलेल्या फाटीत पुष्कळदा मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायामच पुरेसा ठरतो, शस्त्रक्रियेची गरज पडत नाही. गुडघा मध्येच अडकत असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून अहवालात ‘मेनिस्कस फाटला आहे’ एवढेच वाचून घाबरण्यापेक्षा, फाट कडेला आहे की आत, अपघाताने पडली आहे की झिजेमुळे, आणि कोरीचा किती भाग वाचवता येईल, हे डॉक्टरांना स्पष्टपणे विचारावे.