देहाचा आकार आणि अस्तित्वाचा धोका

(हैदराबाद येथे वन्यप्राणिप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



वन्यप्राण्यांच्या ऱ्हासाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर हत्ती, वाघ व गेंडा हेच प्राणी उभे राहतात. हे स्वाभाविकच आहे. मोठ्या देहाला विस्तीर्ण अरण्य लागते, शिकाऱ्याची नजरही प्रथम त्यावरच जाते आणि त्याची वीण संथ असते. हत्तीणीचा गर्भकाळ सुमारे २२ महिन्यांचा, आणि दोन पिल्लांमध्ये सामान्यतः चार ते पाच वर्षांचे अंतर. अशा प्राण्यांची संख्या एकदा घटली की ती भरून येण्यास अनेक दशके लागतात. चित्त्याचा इतिहास आपणांस ठाऊक आहेच. १९४७ साली कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले आणि १९५२ मध्ये तो भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. २०२२ मध्ये कुनोच्या जंगलात चित्ते सोडण्यात आले, ते आफ्रिकेतून आणावे लागले.

तथापि, लहान देह म्हणजे अभय, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात एका चिमुकल्या वटवाघळाचे वसतिस्थान म्हणून एकच गुहा ज्ञात आहे. तेथील दगडाच्या खाणकामाने ती गुहा ढासळली, तर एका जातीचाच अंत होण्याची भीती आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाचे सार असे, की सुमारे तीन किलोग्रॅम वजनापुढे सस्तन प्राण्यांचा धोका झपाट्याने वाढतो, कारण तेथे त्यांची संथ वीणही त्यांना घातक ठरते. त्याहून लहान प्राण्यांचे भवितव्य मुख्यतः त्यांच्या प्रदेशाचा विस्तार व तेथील परिस्थिती यांवर अवलंबून असते.

योगायोग असा, की पिसोरीचे वजन याच सीमारेषेच्या आसपास, सुमारे तीन किलोग्रॅम भरते. हा भारतातील सर्वांत लहान खुरी प्राणी. तो निशाचर व लाजाळू असल्याने गणनेत सहसा सापडत नाही. फासात आणि कुत्र्यांच्या तोंडी मात्र सापडतो. येथील नेहरू प्राणिउद्यानात २०१० साली पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्राच्या अत्तापूर येथील प्रयोगशाळेच्या साहाय्याने पिसोरीच्या प्रजननाचा उपक्रम सुरू झाला. अवघ्या सहा जनावरांपासून काही वर्षांत ही संख्या दोनशेच्या वर गेली आणि पुढे काही पिसोरी अमराबाद व्याघ्र प्रकल्पाच्या अरण्यात सोडण्यात आल्या.

या यशाचा बोध मर्यादित अर्थानेच घ्यावयास हवा. पिंजऱ्यात वाढविलेली संख्या अरण्यात टिकते ती झुडुपांचा आडोसा, पाणी आणि वणव्यापासून संरक्षण असेल तरच. महाराष्ट्राच्या शेकरूलाही हेच लागू पडते: भीमाशंकरच्या झाडांचे एकमेकांत गुंतलेले शेंडे तुटले, की त्याची वाटच तुटते.

म्हणून वनरक्षकाने आपल्या नोंदवहीत वाघाच्या पाऊलखुणेइतक्याच काळजीने पिसोरीच्या खुराची खूणही टिपावी, एवढीच माझी विनंती आहे. ज्याची नोंद नाही, त्याचा नाशही नोंदला जात नाही.